मुक्त आणि मोफत

माझ्या धंद्याचा हेवा करणाऱ्या माणसांची मी वही ठेवली असती, तर त्या वहीतला आकडा माझ्या आजवरच्या एकूण मानधनापेक्षा खात्रीनं मोठा भरला असता. मी खाण्यापिण्यावर, प्रवासावर आणि डोंगर-किल्ल्यांवर लिहितो. कुणाच्या पगारावर नाही. मिळेल त्या दिवाळी अंकात, मिळेल त्या पुरवणीत. या प्रकाराला मराठीत ‘मुक्त लेखक’ असं भारदस्त नाव आहे. नाव ठेवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण त्यातला ‘मुक्त’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या कानात शिरेपर्यंत ‘मोफत’ होतो, आणि मग जन्मभर तसाच राहतो.

आमचे मेव्हणे लग्नकार्यात माझी ओळख करून देतात ती अशी : “हे आमचे भावजी. गावोगाव फिरतात, चापून खातात आणि वर त्याचे पैसे घेतात!” यावर समोरचा गृहस्थ, मग तो बँकेतला असो की विमा कंपनीतला, एक लांब सुस्कारा सोडून म्हणतो, “मजा आहे बुवा तुमची!” आणि लगेच विचारतो, “पुण्यात मिसळ कुठली चांगली हो?” डॉक्टरला लग्नात पोट दाखवणारे आणि वकिलाला पंगतीत भाडेकरूची केस सांगणारे लोक असतात, हे मला ठाऊक आहे. पण निदान त्यांना ‘तुमची मजा आहे’ असं कुणी म्हणत नाही.

तर या मजेचा एकदा हिशेब मांडतो. वाण्याच्या वहीसारखा, रोकडा.

मालवणच्या खानावळींवर एक लेख लिहायचा आहे असं धरा. पुण्याहून एस.टी.नं जाऊन-येऊन दीड हजार. दोन रात्रींचा लॉज, चोवीसशे. बंदरावर मासळीचा लिलाव बघायला वगैरे जायचं, त्या रिक्षाचे चारशे. आणि जेवणं सहा. इथं आमचे मेव्हणे डोळे मिचकावतात. पण सहा का, ते ऐका. एका जेवणावरून खानावळ कळत नाही, जशी एका भेटीत सून कळत नाही. (सासूही कळत नाही, पण तो लेख निराळा.) दुपारी पहिल्या पंगतीला जी सोलकढी येते ती नारळाच्या दुधाची असते. रात्री शेवटच्या गिऱ्हाइकाला त्याच वाटीत जे येतं त्यात नारळ फक्त श्रद्धेनं शोधावा लागतो. तेव्हा तीन खानावळी, प्रत्येकीत दोनदा, चारशेची एक थाळी म्हणजे आणखी चोवीसशे. एकूण सहा हजार सातशे.

लेखाचं मानधन दीड हजार. तेही अंक निघून आठ महिने झाल्यावर, दोन फोन आणि एक लाजिरवाणी आठवण यांनंतर. वजाबाकी तुम्हीच करा. पाच हजार दोनशे रुपये मी मराठी वाङ्मयाला देणगी दिलेले असतात आणि या देणगीवर आयकरात सूट नाही.

“मग हे करता कसं?” असं कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं. मराठीत रानावनाचं अस्सल लिहिणाऱ्यांकडे बघा. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते. मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. त्यांनी जे लिहिलं ते लिहायला दुसरा कुणी जन्माला येणं कठीण, पण पहिल्या तारखेला घरात पगार येत होता आणि तो लेखनाचा नव्हता, हेही खरं. माझ्या बाबतीत वनखात्याची भूमिका आमच्या हिनं बजावली. ही नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या भटकंतीचा आश्रयदाता कोण म्हणाल, तर ती इयत्ता चौथी ‘ब’. माझ्या एका पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत मी ‘सह्याद्रीच्या कड्यांना’ असं लिहिलं, तेव्हा ही एवढंच म्हणाली, “अहो, कड्यांनी प्रॉव्हिडंट फंड कापून घेतला होता का?”

सुरुवातीला, म्हणजे १९७८-७९ च्या सुमारास, मानधन मनीऑर्डरनं यायचं. पंचवीस रुपये. पोस्टमन ते दोन जिन्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायचा. त्यानं मान वाढत नसे, पण धन हातात पडत असे. आता संपादक मंडळी तरुण आहेत, नम्र आहेत, मला ‘सर’ म्हणतात. पूर्वीचे संपादक ‘अहो’ म्हणत आणि पैसे पाठवत. आताचे म्हणतात, “सर, बजेट नाहीये, पण एक्स्पोजर चांगलं मिळेल.” एक्स्पोजर म्हणजे काय, हे मी डोंगरात शिकलेलो आहे. जानेवारीत हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी पांघरुणाशिवाय रात्र काढली की जे मिळतं, ते एक्स्पोजर. त्यानं माणूस दगावतो.

हा प्रश्न नुसता माझ्या पोटाचा असता, तर मी तो पोटातच ठेवला असता. लेखकांच्या उपासमारीवर मराठीत पुष्कळ लिहून झालेलं आहे आणि त्यातलं बरंचसं जेवून उठल्यावर लिहिलेलं आहे. पण हा प्रश्न तुमच्या खिशाचा आहे. कारण साधं आहे. खाण्यावर लिहिणाऱ्यानं खाल्लेलं असतं आणि त्याचे पैसे कुणीतरी दिलेले असतात. अंक देत नसेल आणि लेखकाला झेपत नसेल, तर मग उरतो तो हॉटेलवाला. आणि हॉटेलवाला काही वाङ्मयप्रेमापोटी सुरमई तळत नाही.

या व्यवहाराला एक सोज्ज्वळ नाव आहे : ‘अभ्यासदौरा’. पर्यटन आणि प्रवास यांवर लिहिणारी दहा-बारा मंडळी एका वातानुकूलित बसमध्ये भरतात. बसवर कापडी फलक लावतात. रिसॉर्टच्या दारात गुलाबाचं फूल, कोकम सरबत आणि ओल्या नारळाची वडी. खोलीत टॉवेलाचा हंस करून ठेवलेला असतो. (या हंसाचा वापर काय, हे मला अजून कळलेलं नाही. अंग पुसायचं तर आधी त्याची मान मोडावी लागते.) रात्री मालकांचं दोन शब्दांचं भाषण चाळीस मिनिटं चालतं. आणि निघताना प्रत्येकाच्या हातात एक पिशवी : काजूचं पाकीट, आमसुलं, रिसॉर्टचं छापील माहितीपत्रक. अभ्यास संपला. आता निबंध लिहायचा.

अशा एका दौऱ्याला मी गेलो होतो. जुलै महिना होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी काउंटरवर जाऊन माझं बिल मागितलं. काउंटरवरचा मुलगा गोंधळला. म्हणाला, “साहेब, तुमचं बिल नाहीये.” म्हटलं, “मग करा.” त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं आत जाऊन मालकांना फोन लावला. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळं मालकांचा आवाज बाहेर स्पष्ट ऐकू आला : “राग आला का त्यांना? समुद्राकडची खोली देऊन टाक!” शेवटी बिल झालं. बिल केवढं झालं ते मी इथं लिहीत नाही, कारण ही हा लेख वाचणार आहे.

बाकीच्यांचे लेख पुढच्याच महिन्यात छापून आले. त्यातल्या तिघांनी ‘नुकतीच जाळ्यातून उतरलेली ताजी फडफडीत सुरमई’ असं एकमतानं लिहिलं होतं. आता किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल की, जून-जुलैत आपल्याकडे यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत सुरमई उतरते ती जाळ्यातून नव्हे, बर्फाच्या पेटीतून. त्यात पाप काही नाही. बर्फातली सुरमईही चांगली लागू शकते. पण मग तसं लिहावं. माझ्या लेखात मी लिहिलं होतं. तो छापून आला नाही. जागेची अडचण झाली, असं मला कळवण्यात आलं. अडचण मीही पाहिली. त्या पानावर अर्ध्या भागात त्याच रिसॉर्टची जाहिरात होती.

याच्या नेमकं उलटं चित्र राजगडावर. पद्मावती माचीवर पिठलं-भाकरी करून देणाऱ्या एका मावशींकडे मी बरेचदा जेवलोय. पीठ, कांदे, तेल, सगळं पायथ्याच्या गुंजवण्याकडून डोक्यावर वाहून आणलेलं. तिथवर चढताना नुसत्या पाठपिशवीनं आपली जीभ बाहेर येते. एकदा बरोबरच्या पोरांनी सांगून टाकलं की, हे पेपरात लिहितात. मावशी म्हणाल्या, “मग तुमच्याकडून कसं पैसं घ्यायचं?” मी म्हटलं, “मावशी, पैसे घेतले नाहीत तर मला लिहिता येणार नाही.” त्यांनी क्षणभर विचार केला, पैसे कनवटीला लावले आणि म्हणाल्या, “मग खरं लिवा. आज पिठलं खारट झालंय.” पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात हे वाक्य कुठंतरी बसवता आलं तर बघावं.

आता ‘तुमच्या खिशाचा प्रश्न’ म्हणालो, त्याविषयी. काही वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं. चार पानी, निळ्या शाईचं, रागावलेलं. लिहिणारे गृहस्थ कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पदरचे पैसे खर्चून बायको, मुलगा, सून आणि नातू असे पाच जण पुरवणीतला लेख वाचून समुद्रावर गेले. लेखात ‘समुद्राच्या कुशीत’ असं होतं. कुशीतला समुद्र दोन किलोमीटरवर निघाला. ‘खोलीतून समुद्राचं दर्शन’ होतं. दर्शन व्हायचं, पण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, आणि बाईंचे गुडघे दुखणारे. टाकीत पाणी दुपारी दोनपर्यंत. नातू पहिल्या दिवसभर विचारत होता, “आजोबा, समुद्र कधी येणार?” सुनेसमोर फार ओशाळल्यासारखं झालं, असं त्यांनी लिहिलं होतं आणि मग ते वाक्य खोडून टाकलं होतं. खोडलेलं वाक्य वाचता येत होतं. पत्राचा शेवट : ‘आपण स्वतः तेथे राहिला होतात काय?’

मी राहिलो नव्हतो, कारण तो लेख माझा नव्हताच. सगळे प्रवासलेखक त्यांना एकाच बसमधले वाटले असावेत आणि ते फारसं चूक नव्हतं. तसं मी त्यांना कळवलं. उलट टपाली कार्ड आलं : ‘मग ज्यांनी लिहिले ते तरी राहिले होते काय?’ राहिले होते की. पाहुणे म्हणून. पाहुणा येणार असला की टाकी आधी भरून ठेवतात.

त्या गृहस्थांनी पुन्हा कुठं प्रवास केला की नाही, मला माहीत नाही. पण पाच माणसांच्या तिकिटांचे, खोल्यांचे आणि जेवणाचे जे पैसे गेले, त्यांनी त्या लेखकाच्या दोन फुकट रात्रींची किंमत पुरेपूर चुकती केली. जेवण फुकटचं नसतंच. फक्त बिल दुसऱ्या टेबलावर जातं.

पाककृतींच्या बाबतीत हा घोळ होत नाही, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि अजून घराघरांत आहे. आमच्या घरच्या प्रतीला हळदीचे डाग इतके आहेत की ती उकळली तर आमटी होईल. बाईंनी वाटी-चमच्याचं माप दिलं आणि त्या मापानं पदार्थ होतो. नसता झाला तर? गृहिणीनं त्याच संध्याकाळी पुस्तक मिटलं असतं. नुकसान किती, तर वाटीभर डाळ. प्रवासाच्या लेखाचं तसं नाही. तो खरा की खोटा हे पडताळायला आधी रजा काढावी लागते, मग तिकीट, मग खोली. पडताळा इतका महाग असलेल्या बाबतीत खरं बोलण्याची जबाबदारी जास्त असायला हवी की कमी? आणि नेमका तिथंच लेखक फुकट जेवलेला चालतो?

“हे सगळं जगात असंच चालतं,” असं सांगणारे शहाणे असतात. जग त्यांनी पाहिलेलं नसतं. एक टायरवाला बघा. फ्रान्समधल्या मिशलिन कंपनीनं १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक माहितीपुस्तक काढलं. लोकांनी मोटारी जास्त हाकाव्यात आणि टायर लवकर झिजावेत, हा स्वच्छ व्यापारी हेतू. पुस्तक फुकट वाटत. एकदा आंद्रे मिशलिन एका टायरच्या दुकानात गेले, तर त्यांचं हे पुस्तक कामाच्या बाकाचा पाय टेकवायला लावलेलं दिसलं, अशी गोष्ट कंपनीच सांगते. १९२० पासून पुस्तकाला किंमत लावली. पुढं त्यातले हॉटेलांचे तारे जगप्रसिद्ध झाले. तारे देणारे निरीक्षक नाव न सांगता जातात, जेवतात आणि बिल भरतात. एका टायरवाल्याला जे कळलं, ते आमच्या सारस्वतांना शंभर वर्षांत कळू नये?

‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये क्रेग क्लेबोर्न नावाचे गृहस्थ १९५७ साली खाद्यविभागाचे संपादक झाले. त्यांनी पद्धत पाडली ती हीच : ओळख न देता जायचं, एकदा नव्हे अनेकदा जायचं आणि पैसे वर्तमानपत्रानं द्यायचे. याच गृहस्थांनी १९७५ साली पॅरिसमध्ये एका मित्राबरोबर एकतीस प्रकारांचं, चार हजार डॉलरचं जेवण केलं. एका क्रेडिट कार्ड कंपनीनं धर्मादाय लिलावात ठेवलेलं बक्षीस त्यांनी तीनशे डॉलरची बोली लावून जिंकलं होतं. वाचक खवळले, पत्रांचा पाऊस पडला. पण पैसे कुणाचे होते, हे त्यांनी लपवलेलं नव्हतं. एकतीस प्रकार मला झेपणार नाहीत. पण बिलाविषयी बोलण्याचा तेवढा मोकळेपणा जमायला हरकत नाही.

आणि पैसे दिले नाहीत की काय होतं? २००८ साली थॉमस कोनस्टॅम या लेखकाच्या बोलण्यावरून मोठा गदारोळ झाला. ‘लोनली प्लॅनेट’च्या कोलंबियावरच्या मार्गदर्शिकेचं काम आपण त्या देशात न जाताच, सॅन फ्रान्सिस्कोत बसून केलं, जाण्यापुरते पैसेच मिळत नव्हते, असं त्यानं सांगून टाकलं. त्याच्याकडे फक्त इतिहासासारखी प्रास्ताविक प्रकरणं होती, त्यासाठी जाण्याची गरज नव्हती, असा प्रकाशकांनी खुलासा केला. कुणाचं किती खरं ते असो. तिकडे निदान गदारोळ तरी झाला.

आपल्याकडे ही रीतच आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं शिवकाळाशी जोडलेले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतली जिंजी. आनंदानं माझा ऊर भरून आला. तो भरलेला असतानाच फोन वाजला. “सर, बारा किल्ले, बाराशे शब्द, उद्या संध्याकाळपर्यंत.” म्हणजे किल्ल्यामागे शंभर शब्द. साल्हेरची चढण शंभर शब्दांत संपत असती, तर मी रोज सकाळी जाऊन आलो असतो. मी विचारलं, “जिंजीला जायचा खर्च?” पलीकडे जरा शांतता. मग अत्यंत प्रेमळ आवाजात : “सर, नेटवर आहे ना सगळं!”

यावर आमचे तळमजल्यावरचे काका एक ठेवणीतला मुद्दा काढतात. ते म्हणतात, “पूर्वीचे लोक पैशासाठी फिरत होते का? त्यांना ओढ होती, ओढ!” काकांना ओढ फक्त दुपारी दीड ते चार या वेळात झोपेची असते, पण मुद्दा पुष्कळांच्या मनात असतो म्हणून उत्तर देतो. मराठीतल्या गाजलेल्या जुन्या प्रवासवर्णनाचे लेखक, वरसईचे विष्णुभट गोडसे, १८५७ साली घरून निघाले ते कशासाठी? बायजाबाई शिंदे मथुरेत यज्ञ करणार, तिथं दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून. घरची ओढगस्त होती. मध्येच बंडाची धामधूम उसळली. भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी आले. ‘माझा प्रवास’ छापून निघालं १९०७ साली. तोवर भटजी हयातही नव्हते. ओढ होती ती अशी. आणि दक्षिणेची आशा धरून गेलेल्या या माणसानं जे पाहिलं ते लिहिलं, कारण ‘आमच्या यज्ञाचं वर्णन खमंग करा, मग दक्षिणा’ अशी अट त्याला कुणी घातली नव्हती. पैसे घेण्यात कमीपणा नाही. पैसे कुणाकडून आणि कशाबद्दल, एवढंच बघायचं असतं.

डोंगरावर लिहिणाऱ्याची गोष्ट तर याहून नाजूक. खानावळ फसली तर पोट बिघडतं. डोंगर फसला तर माणूस परत येत नाही. म्हणून डोंगरावर लिहिणाऱ्याचं निम्मं काम ‘जा’ म्हणण्याचं आणि निम्मं ‘जाऊ नका’ म्हणण्याचं. आता मला सांगा, ‘जाऊ नका’ या लेखाला पैसे कोण देणार? रिसॉर्टवाला देईल? सहलकंपनी देईल? पावसाळ्यात कुठल्या धबधब्याखाली उभं राहू नये, पाणी गढूळ झालं की वरून लोंढा येतोय असं समजावं, हे लिहिलेला माझा लेख ‘निगेटिव्ह आहे’ म्हणून परत आलेला आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत लहान मुलं होती. त्यानंतर आठवडाभर सगळ्यांना तसे लेख हवे होते. आठवड्यानंतर पुन्हा ‘पावसाळ्यातली दहा अस्पर्शित ठिकाणं’.

‘अस्पर्शित’ या शब्दावर तर माझा जुना राग आहे. ठिकाण अस्पर्शित आहे असं चाळीस हजार लोकांना छापून कळवायचं, याला काय म्हणावं? कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं. तिथं पुढं तिकीट लावावं लागलं, दिवसाला माणसं किती सोडायची याला मर्यादा घालावी लागली. फुलांना त्रास झाला तो फुलांवर लिहिल्यामुळं नव्हे. ‘कुठं चालू नये’ एवढं वगळून लिहिल्यामुळं. ज्या खोलीत फुकट झोपलो, त्या खोलीचं सांडपाणी कुठं जातं, हे कुणी विचारत नाही.

माझ्या वयाचे लोक या सगळ्याचं खापर मोबाइलवरच्या पोरांवर फोडतात. ही पोरं मिसळीपुढं उभी राहून डोळे मिटतात आणि दहा सेकंदांत ‘एक नंबर!’ म्हणतात. मला ती कला जमत नाही. मिसळ तोंडात असताना मला बोलता येत नाही. पण त्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो. २०२१ साली जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या परिषदेनं नियम केला की, पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या चित्रफितीवर तसं स्पष्ट लिहायचं. सगळे पाळतात असं नाही, पण काही पोरं खरोखर लिहितात. माझा भाचा तर तोंडानं सांगतो, “मित्रांनो, ही पेड आहे हां!” आणि मग मिसळ ओरपतो. आमच्या पिढीनं जन्मभर ‘सौजन्य’ असा शब्द वापरला आणि तोही फोटोखाली, मुंगीच्या अक्षरात.

माझी मागणी काही फार मोठी नाही. मंत्रालयावर मोर्चा न्यायचा नाही. जेवणाखाणावरच्या, प्रवासावरच्या प्रत्येक लेखाच्या खाली एक ओळ छापा : बिल कुणी भरलं. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, तशी. हॉटेलनं भरलं असेल तर हॉटेलनं. त्यात लाज कसली? वाचक काही खुळा नाही. तो त्या मानानं मीठ कमी-जास्त करून घेईल. आणि अंकानं भरलं असेल तर अंकानं अभिमानानं छापावं, त्याचा खप वाढेल. मी गेली काही वर्षं माझ्या प्रत्येक लेखाखाली ही ओळ लिहून पाठवतो. ती एकदाही छापली गेलेली नाही. एका संपादकांनी समजावून सांगितलं, “सर, तुमचं एकट्याचं छापलं, तर बाकीच्यांचं काय, असं लोक विचारतील ना!”

मी म्हटलं, “तेच तर!”

त्यांनी विषय बदलला आणि दिवाळी अंकासाठी हुरड्यावर लेख मागितला. मानधनाचं बघू म्हणाले. सोलापूरकडे एक शेतकरी हुरडा पार्टी करतो, राहण्या-जेवणाची सोय तोच करेल, असंही म्हणाले. मी माझा दर, एस.टी.चं भाडं आणि दोन दिवसांच्या जेवणाचा अंदाज एका कागदावर लिहून पाठवला आहे, आणि त्याखाली हुरड्याचा मोसम थंडीत असतो, दिवाळीआधी तुम्हाला हुरडा कोण घालणार, हेही. उत्तर यायचं आहे.

हा लेख प्रवास न करता, घरी टेबलाशी बसून लिहिला. लिहिताना चार कप चहा आणि एक बशी पोहे लागले. बिल आमच्या हिच्या पेन्शनमधून भरलं. पोह्यांत मीठ थोडं कमी होतं.